ॲलिस वाचताना पान उलटायची घाई नको

लहान मुलांना लुईस कॅरलची 'ॲलिस', म्हणजे 'ॲलिस इन वंडरलँड', वाचून दाखवायची म्हटलं की बरेच जण सांगतात, अगं ते अवघड आहे, त्यात धड गोष्ट अशी नाहीच, नुसतं एकातून एक विचित्र काहीतरी घडत जातं, मुलं कंटाळतील. मला हे अजिबात पटत नाही. मुलं कंटाळतात कारण आपण मजकूर वाचत सुटतो आणि चित्र आलं की 'हं, बघितलंस ना?' म्हणून पान उलटतो. या पुस्तकाची अर्धी गोष्ट चित्रांत सांगितलेली आहे आणि ती अर्धी मुलांना आपल्या आधी दिसते, फक्त त्यांना तेवढा वेळ मिळायला हवा.

आणि हे माझं म्हणणं नाही, पुस्तकच तसं सांगतं. अगदी पहिल्या परिच्छेदात ॲलिस बहिणीच्या पुस्तकात डोकावते आणि तिला प्रश्न पडतो की ज्यात चित्रं नाहीत, कोणी कोणाशी बोलत नाही, असलं पुस्तक काय कामाचं. पुढे ग्रिफन नावाचा प्राणी येतो तेव्हा लुईस कॅरल त्याचं वर्णन करतच नाही, सरळ सांगतो की ग्रिफन माहीत नसेल तर चित्र बघा. शेवटी कोर्टाचा प्रसंग आहे, तिथे राजा न्यायाधीश झालाय आणि त्याने विगवर मुकुट चढवलाय, तर तो कसा चढवला हे बघायचं असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीचं चित्र बघा असं लेखक कंसात सांगतो. म्हणजे गोष्ट जवळजवळ संपत आलेली असताना मुलांनी पुस्तक उलटं चाळत पहिल्या चित्रापर्यंत जायचं! आमच्याकडे हे माझ्या दोन्ही मुलांनी केलं आणि मग थोरल्याने उशीचा अभ्रा डोक्यावर घेऊन त्यावर कागदाचा मुकुट बसवून बघितला, तो काही टिकेना, सारखा घसरायचा. राजा त्या वेषात अवघडलेला दिसत होता असं पुस्तकात एक छोटं वाक्य आहे. ते वाक्य त्या संध्याकाळी त्याला जितकं कळलं तितकं मी कितीही समजावून कळलं नसतं.

आमची वाचायची पद्धत सांगते, कारण मला वाटतं तिच्यामुळे खूप फरक पडतो. चित्रांचं पुस्तक मुलांच्या हातात असतं आणि मजकूर मी फोनवर वाचते. मूळ पुस्तकाचा कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे मजकूर नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतो, आणि पान कधी उलटायचं हे मुलं ठरवतात. मी वाचत पुढे गेले आणि ती अजून मागच्या चित्रावर असली तर मी थांबते. कधी कधी दोन ओळींनंतर दहा मिनिटं गप्पाच चालतात. चालू देत.

सुरवंटाचं चित्र घ्या. मोठ्या अळंबीवर सुरवंट बसलाय, हुक्का ओढतोय, ॲलिस टाचा उंचावून अळंबीच्या कडेवरून त्याच्याकडे बघतेय. पुस्तकाचा मूळ चित्रकार जॉन टेनिएल, त्याने हे चित्र असं काढलंय की सुरवंटाचं तोंड आपल्याला बाजूने आणि थोडं सावलीत दिसतं. धाकटी म्हणाली, हा आजोबा आहे, बघ केवढं नाक आहे आणि खाली हनुवटी. थोरला म्हणाला, वेडी आहेस का, सुरवंटाला नाक नसतं, ते पाय आहेत. मग दोघं पुस्तकावर इतकी वाकली की मला काही दिसेना. खरंच, नाक आणि हनुवटी म्हणून जे दिसतं ते सुरवंटाचे पुढचे दोन पाय आहेत, एकदा पाय दिसले की पाय दिसतात आणि पुन्हा बघितलं की म्हातारा माणूस. दोघंही बरोबर होती. गंमत म्हणजे कॅरलने अगदी लहान मुलांसाठी पुढे 'नर्सरी ॲलिस' नावाचं सोपं पुस्तक केलं, त्यात तो याच चित्राबद्दल मुलांशी बोलतो, त्याचं लांब नाक आणि हनुवटी दिसतेय ना, ते खरं म्हणजे त्याचे पाय आहेत बरं का, असं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लेखक स्वतः मुलांना घेऊन चित्रावर बोट ठेवून बसलाय. मला तो भाग वाचून फार आनंद झाला.

टोपीवाल्याचं चित्र तर त्याहून भारी. चहाच्या टेबलावर बसलेल्या त्या हॅटरच्या उंच हॅटमध्ये एक चिठ्ठी खोचलेली दिसते, तिच्यावर लिहिलंय, ह्या पद्धतीची, १०/६. म्हणजे दहा शिलिंग सहा पेन्स, किमतीची चिठ्ठी. चहापानाच्या सगळ्या प्रकरणात या चिठ्ठीबद्दल एक अक्षर नाही, ती फक्त चित्रात आहे. आणि मग पुढे कोर्टात राजा हॅटरला म्हणतो, तुझी हॅट काढ, हॅटर म्हणतो ही माझी नाहीये, राजा ओरडतो, चोरलेली! आणि तो बिचारा सांगतो की मी विकायला ठेवतो, माझी स्वतःची एकही नाही. ज्या मुलाने ती चिठ्ठी आधी नीट बघितलीय त्याला हे कोर्टातलं उत्तर ऐकताक्षणी कळतं. ज्याच्या पुस्तकात चित्र बारीक छापलंय किंवा पान घाईत उलटलंय त्याला ते नुसतं एक वाक्य वाटतं.

अशा छोट्या छोट्या गोष्टी पानोपानी आहेत. पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या चित्रात सशाच्या काखेत छत्री आहे, मजकुरात घड्याळ आहे, जाकिटाचा खिसा आहे, पण छत्रीचं नाव नाही. डोडो पक्ष्याला पंखांखालून चक्क माणसाचे हात आलेत. गुलाब रंगवणाऱ्या माळ्यांना मजकुरात दुर्री, पंजी, सत्ती एवढंच म्हटलंय, पण चित्रात बघितलं की ते इस्पिकचे आहेत हे कळतं, आणि मग राणीची मिरवणूक येते तेव्हा हातात किलवर घेतलेले शिपाई, चौकटवाले दरबारी, बदामवाली राजाची मुलं अशी सगळी जुळणी मुलं आपोआप करतात. आमच्याकडे त्यानंतर पत्त्यांचा जोड बाहेर आला आणि त्या दिवशीचं वाचन तिथेच संपलं.

हे सगळं इतकं नीट का जमलं याचीही एक गोष्ट आहे आणि ती मुलांना सांगण्यासारखी आहे. ४ जुलै १८६२ ला ऑक्सफर्डला नावेतून फिरताना कॅरलने, म्हणजे गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसनने, लिडेल घरातल्या तीन बहिणींना ही गोष्ट तोंडी सांगितली. त्यातली मधली ॲलिस तेव्हा दहा वर्षांची होती, तिने हट्ट धरला की मला हे लिहून द्या. त्याने खरोखर सुवाच्य अक्षरात अख्खं पुस्तक हाताने लिहिलं, स्वतः ३७ चित्रं काढली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये तिला भेट दिलं. ते हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याची छापील प्रतिकृती १८८६ पासून मिळते, जमलं तर तीही मुलांना जरूर दाखवा. कॅरल चित्रकार नव्हता, हातपाय कुठे कुठे गडबडलेत, पण त्याचं एक चित्र मला टेनिएलपेक्षाही जास्त आवडतं. ॲलिस सशाच्या घरात मोठी मोठी होत जाते आणि अडकते तो प्रसंग. टेनिएलने खिडकी काढलीय, पडदे काढलेत, एक हात खिडकीबाहेर गेलाय. कॅरलने खोलीच काढली नाही. चित्राची चौकट हीच खोली, आणि त्या चौकटीत ॲलिस गुडघे दुमडून, मान वाकवून अशी कोंबलीय की सगळ्या कडांना ती टेकते. धाकटी ते बघून म्हणाली, तिला श्वास घेता येतोय का? टेनिएलच्या चित्राला ती हसली होती.

मग पुस्तक छापायचं ठरल्यावर कॅरलने टेनिएलला गाठलं. टेनिएल तेव्हा 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचा मोठा व्यंगचित्रकार होता, आणि तरुणपणी वडिलांबरोबर तलवारबाजीचा सराव करताना त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. एका डोळ्याने त्याने ती इतकी बारीक ४२ चित्रं काढली! चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरायचं काम डॅलझिएल बंधूंच्या कारखान्यात झालं आणि खर्च सगळा कॅरलने खिशातून केला, टेनिएललाच १३८ पौंड दिले. १८६५ च्या उन्हाळ्यात २००० प्रती छापून झाल्या आणि टेनिएलने कळवलं की चित्रं नीट उमटली नाहीत, मला हे पसंत नाही. कॅरलने छपाई रद्द केली. वाटलेल्या प्रती परत मागवल्या, पुस्तक दुसरीकडे नव्याने छापून घेतलं. त्या पहिल्या छपाईतल्या वीसेक प्रतीच आता जगात शिल्लक आहेत. पुढे १८८९ मध्ये 'नर्सरी ॲलिस'च्या वेळी त्याने पुन्हा तेच केलं, १०,००० प्रतींचे रंग फार भडक आले म्हणून नाकारल्या. मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांसाठी एवढं करणारा माणूस होता तो, मग आपण निदान चित्र नीट छापलेली प्रत तरी निवडूया.

प्रत कशी निवडायची? मी तर आधी 'आरशातून पलीकडे' या दुसऱ्या भागाच्या पहिल्या प्रकरणातली दोन चित्रं बघते. ॲलिस शेकोटीवरच्या फळीवर चढून आरशात शिरते ते एक चित्र, आणि ती आरशातून पलीकडे बाहेर येते ते दुसरं. मूळ आवृत्तीत ही दोन्ही चित्रं एकाच पानाच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावून छापली होती. म्हणजे तो कागद हाच आरसा! ॲलिस पुढच्या बाजूने कागदात शिरते, आपण पान उलटतो आणि ती मागच्या बाजूने बाहेर आलेली असते, आणि तिथलं घड्याळ दात काढून हसत असतं. मुलांना हे कळलं की ती ते पान पुढेमागे, पुढेमागे करत राहतात, दिव्यासमोर धरतात. कित्येक स्वस्त आवृत्त्यांत ही चित्रं समोरासमोर टाकलीत, काहींत एकाखाली एक, आणि मग उरतात फक्त दोन सारखीच चित्रं. छापणाऱ्याने पुस्तक वाचलंय की नाही हे इथे कळतं, माझं तरी असं मत आहे.

तसंच उंदराच्या शेपटीसारखी छापलेली कविता बघा, ती वळणं घेत खाली जायला हवी आणि अक्षरं लहान लहान होत जायला हवीत, शेवटची ओळ वाचायला मुलांना नाक पानाला लावावं लागलं पाहिजे. काही ठिकाणी ती साध्या ओळींत छापलेली बघितलीय मी. आणि दुसऱ्या भागातल्या उलट्या अक्षरांच्या कवितेचं पहिलं कडवं खरोखर उलटं असायला हवं, म्हणजे मुलं आरसा शोधायला धावतात.

'नर्सरी ॲलिस' मिळाली तर लहानांसाठी ती आधी घ्या. कॅरलने ती शून्य ते पाच वर्षांच्या मुलांसाठी केली, त्यात टेनिएलची वीस चित्रं मोठी करून रंगवलेली आहेत आणि मजकूर म्हणजे अक्षरशः मुलांना मांडीवर घेऊन चित्र दाखवणाऱ्या माणसाचं बोलणं आहे. चेशायर मांजराच्या पानावर तो सांगतो की पानाचा कोपरा दुमडून बघा. तिथे दोन पानांवर दोन चित्रं अशी जुळवलीत की कोपरा दुमडला की आख्खं मांजर जातं आणि ॲलिस नुसत्या हसूकडे बघत उभी राहते. पुस्तकाचं पान दुमडायला लेखकानेच परवानगी दिलीय म्हटल्यावर घरात जो काही आनंदीआनंद झाला, विचारू नका.

आता भीतीचं. त्याच उलट्या अक्षरांच्या कवितेतल्या जॅबरवॉक नावाच्या राक्षसाचं चित्र खरंच भयानक आहे, लांब मान, नख्यांचे पंजे, वटवाघळाचे पंख, आणि अंगात बटणांचं जाकीट, त्यामुळे तर ते जास्तच भीतीदायक वाटतं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला हेच चित्र घालायचं ठरत होतं, पण कॅरलला शंका आली की लहान मुलं घाबरतील, म्हणून त्याने तीसेक आयांना पत्र पाठवून विचारलं की काय करू, आणि मग ते चित्र आत गेलं आणि सुरुवातीला पांढरा सरदार आला. मला हे फार आवडतं, की त्याने आयांना विचारलं, आणि चित्र काढून टाकलं नाही, फक्त आत नेलं. कविता ऐकून मूल त्या चित्रापर्यंत येतं तेव्हा त्याला माहीत असतं की पोरगा तलवार घेऊन उभा आहे आणि जिंकणार आहे. धाकटीने पहिल्यांदा त्यावर तळहात ठेवला. मी काही बोलले नाही, वाचत राहिले. मग बोटं फाकवून जाकीट बघितलं, मग म्हणाली ह्याला बटणं कोणी लावून दिली असतील, ह्याचे पंजे तर केवढे आहेत. मुलाला नको असेल ते पान तर झाका, क्लिप लावा, पण पुस्तक बंद करू नका. आणि मूल कधी बघणार ते त्याला ठरवू दे.

दुसऱ्या चित्रकारांबद्दल मला कायम विचारलं जातं. १९०७ मध्ये ब्रिटनमधला कॉपीराइट संपला आणि चित्रकारांची रीघच लागली. त्याच वर्षीची आर्थर रॅकहमची ॲलिस बघा, धुरकट रंग, वाकड्यातिकड्या फांद्या, मुळं, थोडी उदासच, दहाबारा वर्षांच्या मुलांना ती जास्त आवडते असा माझा अनुभव आहे. मूमिन या मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या तोवे यान्सनने १९६६ मध्ये स्वीडिश आवृत्तीसाठी चित्रं काढली. हेलन ऑक्सनबरीची १९९९ ची ॲलिस आखूड निळा फ्रॉक घालून आपल्या घरातल्या मुलीसारखी जमिनीवर लोळते, चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर पूर्ण मजकूर वाचायचा असेल तर माझं मत हिलाच. ठिपक्यांसाठी प्रसिद्ध जपानी चित्रकार यायोई कुसामाने २०१२ मध्ये तिच्या ठिपक्यांनी पुस्तक भरून टाकलं, ते मोठ्यांसाठी जास्त. रॉबर्ट सबुदाचं २००३ चं पॉप-अप आहे, शेवटी पत्त्यांचा अख्खा लोट हवेत उठतो, बघायला अप्रतिम, पण मुलं ते वाचत नाहीत, फक्त उघडतात. ॲलिसचा फ्रॉक कुठल्या रंगाचा यावर घरात भांडण होणारच, तर 'नर्सरी ॲलिस'मध्ये तो पिवळा आहे, मजकुरात रंग दिलेलाच नाही, आणि खऱ्या ॲलिस लिडेलचे केस आखूड आणि काळेभोर होते, लांब सोनेरी नाही. हे सांगितल्यावर धाकटीने आपल्या वहीतल्या ॲलिसचे केस काळे केले.

आणखी एक करून बघा. टेनिएलने सगळं काढलेलं नाही. पाचव्या प्रकरणात ॲलिसची मान झाडांच्याही वर वाढत जाते आणि कबुतरीण तिच्या तोंडावर पंख आपटून साप, साप म्हणून ओरडते. तो एवढा जबरदस्त प्रसंग, आणि टेनिएलचं चित्र नाही. आम्ही तिथे पुस्तक मिटलं आणि कागद घेतले. थोरल्याने कबुतरिणीच्या बाजूने चित्र काढलं, घरटं जवळ, तीन अंडी, आणि खालून येणारं एक प्रचंड डोकं. धाकटीची मान कागदात मावेना, तिने वर दुसरा कागद चिकटवला, मग तिसरा, आणि कबुतरिणीला जागाच उरली नाही म्हणून ती मानेवर बसवली. मग वाद सुरू झाला की कबुतरीण बरोबर की ॲलिस. कारण ॲलिस खरं बोलते, मी अंडी खाते म्हणून कबूल करते, आणि कबुतरीण म्हणते मग मुली म्हणजे सापाचाच एक प्रकार. थोरल्याचं म्हणणं की अंड्यांच्या दृष्टीने बघितलं तर कबुतरीण बरोबरच आहे. धाकटी म्हणाली, पण तिला कच्ची नको असतात, ती म्हणालीय तसं! आणि मला फोनवर ते वाक्य शोधून दोनदा वाचायला लावलं.